पडतो, उठतो, हसतो

आमच्या चित्रपट मेळ्याची समिती तिघांची होती, पण बैठक चौघांची वाटायची, कारण हेडमास्तर दोघांच्या वाटणीचं बोलायचे. त्यांनी कलकत्त्यात शिकत असताना कुठल्याशा मंडळात परदेशी चित्रपट पाहिले होते, आणि ते गोंदियाच्या माणसाला दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. दुसरा आमचा फोटोग्राफर. बाजारात त्याचा स्टुडिओ होता, लग्नांचे आणि मयतांचे फोटो काढायचा. तिसरा मी, स्टेशनातला पार्सल बाबू. मला का घेतलं ते उघड होतं. फिल्मचे डबे रेल्वेने येणार, रेल्वेनेच परत जाणार, आणि मध्ये हरवले तर शिव्या खायला घरचाच माणूस हवा.

राज्यांची फेररचना होऊन आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. घर तेच, रस्त्यातले खड्डे तेच, फक्त पाकिटावरचं राज्य बदललं. हेडमास्तरांना मात्र वाटत होतं की आता काहीतरी सुरू होणार आणि ते आपणच सुरू केलं पाहिजे. त्यांनी मुंबई-कलकत्त्याच्या वकिलातींना आणि सरकारी प्रसिद्धी खात्याला इंग्रजीत लांबलचक पत्रं लिहिली. फिल्म फुकट द्या, तीन दिवस दाखवू, वेळेवर परत करू. आश्चर्य म्हणजे त्यांनी दिल्या. पोलाद कसं ओततात, बर्फाच्या देशात मेंढ्या कशा कातरतात, बाहुल्यांचं एक लग्न, गुरांच्या लाळ-खुरकतीवरची लस. ज्याला कुणी विचारत नसेल ते सगळं आमच्याकडे आलं असावं, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. हेडमास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काम मात्र मी मन लावून केलं, हे मला सांगितलं पाहिजे. डबा आला की फिल्म दोन बोटांत कापूस धरून अखेरपर्यंत ओढायची. कुठे फाटलं असेल तर कापूस अडकतो. मग फाटलेला भाग दोन्हीकडून सरळ कापायचा, कडा खरवडायच्या, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. हे मला एका तंबूवाल्या सिनेमाच्या ऑपरेटरने शिकवलं होतं. जोड देताना दर वेळी दोन-चार चित्रं जातात. दोन-चार चित्रं म्हणजे पापणी लवण्याइतकंसुद्धा नाही, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो.

मेळ्यात एकच फिल्म आमची स्वतःची होती. फोटोग्राफरने चावीचा एक जुना कॅमेरा मिळवला होता आणि आषाढात तो नवेगाव बांधच्या बाजूला जाऊन भाताचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, टिपून आला होता. वीस मिनिटांची मुकी फिल्म. त्याच्या मनात एकच होतं. मेळा झाला की ही फिल्म मुंबईला न्यायची, तिथल्या जाणत्यांना दाखवायची, आणि लग्नाच्या मांडवांतून कायमचं सुटायचं. धुऊन आलेला डबा माझ्या हातात देताना तो म्हणाला, "भाई, ये एकच है. निगेटिव्ह-विगेटिव्ह कुछ नहीं. कॅमेऱ्यात गेली तीच धुऊन आली. ही गेली तर समझो रोवणा झालाच नाही."

मी म्हटलं, "मी जपतो."

त्या फिल्ममध्ये एक जागा होती. एक पंचविशीतला गडी पऱ्ह्याच्या, म्हणजे भातरोपांच्या पेंड्यांची कावड खांद्यावर घेऊन बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून येतो. घसरतो. कावडीसकट बांधीतल्या चिखलात पडतो. उठतो, तोंडावरचा चिखल कोपराने पुसतो, समोर बघून हसतो आणि काहीतरी बोलतो. एकदा चावी दिली की कॅमेरा चालतो तेवढंच. फोटोग्राफरला ती जागा आवडत नव्हती. त्याला भातरोपांच्या ओळी आवडायच्या, पाण्यात पडलेलं आभाळ आवडायचं. तरी त्याने ती ठेवली.

मेळ्याआधी त्याने नवेगाव बांधकडे निरोप पाठवला, ज्यांचं ज्यांचं शूटिंग केलं त्यांनी यावं. उलटा निरोप आला की कावडीवाला भादव्यात तापाने गेला. आता काय करायचं यावर आमची बैठक झाली. हेडमास्तर म्हणाले, "ती जागा काढून टाकू. आईला त्रास होईल." मी म्हटलं, आई येणारच नाही, तर त्रास कसला. असं मी उगीचच ठामपणे बोलत असतो.

मेळा दिवाळीच्या आधी भातगिरणीच्या गोदामात भरला, भर दुपारी. दारं लावून घेतली, पत्र्याच्या भोकांना आतून डांबर फासलं, दोन चादरी शिवून पडदा केला. पहिल्या दिवशी गावातले मोठे लोक पुढच्या खुर्च्यांवर बसले आणि हेडमास्तरांचं भाषण संपताच उठून गेले. पोलाद ओतलं जात असताना हेडमास्तर पडद्याशेजारी उभे राहून इंग्रजी निवेदनाचं मराठी करत होते, आणि मागून कुणीतरी हिंदीत विचारत होतं की गाना कब आयेगा. दुसऱ्या दिवशी आठ प्रेक्षक. त्यातला एक गिरणीचा चौकीदार, त्याला जायला जागाच नव्हती. हेडमास्तरांनी आठ जणांसाठीही पूर्ण भाषण केलं. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी थोडा उतरला.

तिसऱ्या दिवशी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने बांधकडची वीस-पंचवीस माणसं आली. त्यांच्यात ती होती. पन्नाशीची, ताठ, हातात कापडाचं गाठोडं. खुर्च्या रिकाम्या असताना ती पडद्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसली. मी सांगायला गेलो की माय, इतक्या जवळून नीट दिसत नाही.

ती म्हणाली, "मले माहा पोरगा पाहाचा आहे. बाकीचं तू पाह्य."

फिल्म सुरू झाली. फोटोग्राफर स्वतः प्रोजेक्टरच्या मशीनवर होता. लोक आपापली शेतं ओळखत होते, बैल ओळखत होते. मग कावडीवाला आला, घसरला, पडला, आणि गोदाम हसण्याने दणाणून गेलं. त्यात वाईट काही नव्हतं. पडला की हसायचं, हे सगळीकडे असतं. पण आमच्या झाडीच्या मुलखात आणखी एक असतं. नाटकात, दंडारीत एखादी जागा आवडली की लोक 'वन्स मोर' ओरडतात आणि नटाला ती पुन्हा करावी लागते. मेलेला राजासुद्धा उठून पुन्हा मरतो. तसे ते ओरडले, "वन्स मोर! वन्स मोर!" पडद्यावरचा माणूस तसं करू शकत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

फोटोग्राफर खूष झाला. मेळ्यात तीन दिवसांत पहिल्यांदा कुणी काही मागितलं होतं. त्याच्या मशीनला उलटं चालवायची कळ होती, ती त्याने दाबली. पडद्यावर तो गडी हसू गिळून चिखलात आडवा झाला, चिखलातून उडून धुऱ्यावर उभा राहिला आणि पाठमोरा चालत निघाला. लोक हसून लोळायला आले. ती मात्र ताडकन उठली. पडद्यावर तिची सावली पडली.

"उलटा नको चालवू गा त्याले! उलट्या पायाचे ते दुसरे असतात. माहा पोरगा सरळ पायानं गेला."

फोटोग्राफरने मशीन थांबवलं, फिल्म मशीनच्या चाकाच्या दातांतून सोडवली, हाताने मागे ओढली, पुन्हा लावली आणि पुढे चालवली. कावडीवाला सरळ पायांनी आला. पडला, उठला, हसला, बोलला. ती बसली. त्या दिवशी तीन वेळा तो आला.

मेळा संपला, डबे मी परत लावून दिले. पण गावोगावची माणसं हेडमास्तरांकडे येऊ लागली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावागणिक मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, लेकीबाळी, सोयरे सगळे येतात, रात्री नाटक होतं. प्रत्येकाला ती पडणाऱ्याची फिल्म आपल्या मंडईत हवी होती. नाटकाच्या आधी, दिवेलागणीला. हेडमास्तर म्हणाले, "लोक मेळ्यात येत नसतील, तर मेळा लोकांत जाईल!" हे वाक्य त्यांनी आधीच तयार करून ठेवलेलं असावं. गिरणीवाल्याने जनरेटर दिला. फोटोग्राफरला मात्र गाव सोडता येईना. त्याची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू व्हायची आणि फिल्मची दुसरी प्रत काढण्याची ऐपत तिच्यावरच होती.

"प्रत निघेपर्यंत थांबू," तो म्हणाला.

"तोपर्यंत मंडया संपतील," हेडमास्तर म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "मी जपतो." मशीन कसं चालवायचं ते फोटोग्राफरने मला दोन संध्याकाळी शिकवलं.

पहिल्या मंडईत बैलबंडीतून जनरेटर उतरवला तेव्हा ती आधीच येऊन बसलेली होती. त्या गावात तिची नणंद होती. पुढच्या गावात भाचा, त्याच्या पुढे मामेसासरे. मंडईत सोयऱ्यांकडे जायचंच असतं, तिला कुणी नाव ठेवायचं कारण नव्हतं. ती गाठोडं घेऊन गावामागून गाव पायी येत होती. फिल्म संपली की माझ्याजवळ येऊन दोन शब्द बोलायची. तिथेच मला कळलं की तो गडी कॅमेऱ्याकडे बघून हसत नव्हताच.

"मी त्या फोटोवाल्याच्या मांगं उभी होतो, शिदोरी घेऊन. तो मले पाहून हासून राहिला. म्हनते, माय, जेवाले आन, पोटभर चिखल खाल्ला."

आम्ही सगळ्यांनी ती फिल्म इतक्यांदा पाहिली होती. तो काय बोलतो हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

आता मी काय करत होतो ते सांगतो. लोक वन्स मोर ओरडत. मी तो बोलून झाल्यावर मशीन थांबवी, फिल्म दातांतून सोडवी आणि हाताने मागे ओढी. कापलेल्या धानाच्या बांध्यांत मंडई भरायची, हवेत धूळ आणि भुसा. माझ्या बोटांना तो लागलेला असायचा. घाईत ओढताना दात जिथे धरून असत तिथली फिल्मच्या कडेची भोकं फाटत, आणि तो शेवटचा भाग असायचा, त्याच्या बोलण्याचा. दुसऱ्या दिवशी मी फाटलेलं कापून जोड द्यायचो. कापलेले तुकडे काढलेल्या नखांसारखे जमिनीवर पडायचे आणि माझी बायको ते झाडून टाकायची. दोन-चार चित्रं. कधी दहा. कधी वीस.

तिसऱ्या मंडईत ती म्हणाली, "आज बोलला नाही."

मी म्हटलं, "बोलला माय, तुझं लक्ष नसेल."

किती सहज म्हटलं मी. पाचव्या मंडईत ती म्हणाली, "आज बेगीन गेला." तो तोंड पुसत होता आणि हसू नुकतं उमटत होतं, तेवढ्यात बायकांची रोवण्याची ओळ पडद्यावर येत होती. मला कळत होतं. त्या रात्री घरी जाऊन मी फिल्म उजेडात धरून पाहिली. मला तेव्हाच थांबता आलं असतं. पण पुढच्या गावाला शब्द दिला होता, पत्रकं वाटली होती, आणि खरं सांगायचं तर, जनरेटर सुरू होताच चारशे माणसं माझ्याकडे वळून बघायची, ते मला आवडू लागलं होतं. आयुष्यभर पार्सलवर शिक्के मारणाऱ्या माणसाला कुणी वन्स मोर म्हणत नाही.

तिच्यासाठी फिल्म हाताने ओढतो, असं मी स्वतःला सांगत होतो. उलट्या पायांनी चालवायचं नाही ना, मग हाताने ओढायची. भिंगावर तळहात धरून मशीन उलटं चालवलं असतं तर पडद्यावर काही दिसलं नसतं आणि फिल्मही वाचली असती. इतकी साधी गोष्ट. ती मला पुढे एका दुपारी ऑफिसात शिक्के मारताना सुचली. मी शिक्का खाली ठेवला.

आमच्याकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या गावची मंडई आमची शेवटची. ती पुढेच बसली होती. कावडीवाला धुऱ्यावरून आला. घसरला. कावडीसकट चिखलात पडला. आणि बायकांची ओळ आली, हिरवी रोपं, पाण्यातलं आभाळ.

लोकांना पडण्याशीच मतलब होता. ते पोटभर हसले आणि ओरडले, "वन्स मोर!"

ती उठून माझ्याकडे आली. गर्दीतून वाट काढत, सावकाश. मशीन चालूच होतं.

"आज तो उठला नाही गा बाबू."

मी फिरणाऱ्या फिल्मच्या चाकाकडे बघत राहिलो.

"काऊन नाही उठला? उठव ना त्याले."

मागून ओरडा चालूच होता. मी मशीन बंद केलं. हेडमास्तर धावत आले, काय झालं म्हणाले. आणि मी, ज्याला खोटं बोलायची सवय नव्हती असं मी समजत होतो, पटकन बोलून गेलो, "माय, तो भाग तुटलाय. मुंबईला जोडायला पाठवलाय. पार्सलने येईल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुयाच हापीसात येईल?"

"हो, माझ्याच ऑफिसात."

"मंग पाह्यतो मी येऊन," ती म्हणाली, आणि गाठोडं उचलून सोयऱ्यांच्या घरी गेली.

गोंदियाला परतल्यावर फोटोग्राफरने डबा उघडला, फिल्म काचेखाली धरून हाताने ओढत शेवटपर्यंत पाहिली. ओरखडे, जोड, पुन्हा जोड. आकाशाच्या आणि ओळींच्या जागाही पावसात भिजल्यासारख्या दिसत होत्या. धूळ काही एकाच जागेवर बसत नाही. मला वाटलं होतं तो शिवीगाळ करेल, आणि मला ती हवी होती. तो फक्त म्हणाला, "तू बोला था, जपतो." ती फिल्म मुंबईला गेली नाही. तो लग्नाच्या मांडवांत फोटो काढत राहिला, अजून काढतो. रस्त्यात भेटला की हात वर करतो, थांबत नाही. पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी पुन्हा पत्रं लिहिली, पण बैठकीला ते आणि मी दोघंच होतो, आणि आम्ही दोघंही कमी बोललो. मेळा पुन्हा झाला नाही.

ती मात्र आली. माघात पहिल्यांदा. छोट्या गाडीतून उतरून सरळ पार्सलच्या खिडकीशी. "आलं का गा?" मी म्हटलं, "अजून नाही, माय." ती मान हलवून बाजारात गेली आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मग महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिली. कधी माझ्यासाठी पोहे आणायची, कधी बांधच्या तलावातली सुकी मासळी. मी घ्यायचो, कारण न घेण्याचं कारण सांगता आलं नसतं. घरी बायको ती शिजवायची आणि मी जेवायचो. खिडकीतून ती विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायचो, इतक्या सवयीने की कधी कधी मलाच वाटायचं, ते पार्सल खरंच कुठेतरी वाटेत आहे. नागपूरला, नाहीतर भुसावळला, कुठल्यातरी गोदामात उन्हात पडलेलं.

अशी दोन वर्षं गेली. मग माझी बदली आली. जायच्या आधी खरं सांगून टाकायचं मी ठरवलं. मला वाटलं, ही म्हातारी उगीच हेलपाटे घालते, नव्या बाबूच्या खिडकीशी जाऊन अपमान करून घेईल. हे कारण खोटं नव्हतं. पण त्याखाली दुसरं होतं, ते म्हणजे मला मोकळं व्हायचं होतं.

ती आली, तिने विचारलं. मी बाहेर येऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"माय, मुंबईला काही पाठवलंच नव्हतं. तुझ्या मुलाचे तुकडे मीच कापले. घरात झाडून टाकले. ते येणार नाहीत."

तिने गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "काहीच नाही गेलं मुंबईले?"

"नाही."

"कधी येनार बी नाही?"

"नाही, माय."

मला वाटलं ती रडेल, शाप देईल. तिने तसं काही केलं नाही. खिडकीच्या गजाला हात लावला, तिथे जिथे ती नेहमी उभी राहायची.

"मले का समजत नोहतं? दोन वर्सं कोनतं पार्सल लागते गा?" ती म्हणाली. "तू आलं नाही म्हनत होता, तवा मले यायाले तरी होतं. आता मी कायले येऊ? कायले सांगतलं तू?"

ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. गाडीला अजून दोन तास होते. ते दोन तास ती तिथे बसून राहिली, आणि मी खिडकीआड पार्सलांवर शिक्के मारत राहिलो.